काचेवरचा पाहुणा

१

सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे साडेआठला लॅब उघडली, बर्फाच्या ट्रेवर मेणाचे ठोकळे पालथे मांडले आणि पाण्याचं तापमान पाहिलं. मे महिन्यात चेन्नईत मेण कापायचं म्हणजे शिक्षाच असते. कत्तिरीचं, म्हणजे इकडचं मेमधलं सर्वांत कडक, ऊन बाहेर असतं, पण मेण आत मऊ पडतं, कापांची फीत पात्याला चिकटते आणि जीव रडकुंडीला येतो. एकतीस वर्षं मी हेच करते आहे. जनावरांच्या अवयवांचे तुकडे मेणात बसवायचे, केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. पुढे सूक्ष्मदर्शकातून रोग ओळखायचं काम डॉक्टरांचं. तसा तो मलाही कळतो, पण मला कोणी विचारत नाही, आणि न विचारता सांगायची माझी खोड आमच्या सरांना आवडत नाही.

सर म्हणजे डॉ. जयतीर्थ, तंजावरकडचे मराठी. वेस्ट मांबलममधल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये त्यांची ही लॅब आहे. हॉलमध्ये ते बसतात, आणि पूर्वीच्या स्वयंपाकघरात माझं कापायचं यंत्र आणि पाण्याचं भांडं. गाडी मांबलम स्टेशनात शिरली की भांड्यातल्या पाण्यावर बारीक थरथर उठते, तेव्हा मी हात थांबवते. सर बहात्तर वर्षांचे आहेत आणि तपकीर ओढतात. तपकिरीचे कण माझ्या काचांवर सापडतात म्हणून मी त्यांना घालूनपाडून बोलते, आणि ते ऐकून घेतात.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनीच मला ऐकवलं होतं. "बाई, छप्पन झालीं ना तुम्हांस? डोळे, हात, अस्कं दमतें. जूनपासून नवी मुलगी येत्ये. तुम्ही विश्रांति घ्या." घरी जाऊन मी नवऱ्याला, मकरंदला, सांगितलं की माझा हात अजून गेलेला नाही. तो हो म्हणाला, पण पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

त्या सोमवारी मी एका लॅब्रेडोरच्या कातडीवरच्या गाठीची काच रंगवली आणि सरांकडे द्यायच्या आधी सवयीने नजर टाकली. गाठ नीट होती. पण काचेच्या कोपऱ्यात दुसराच एक तुकडा होता. तो कातडीचा नव्हता आणि कुत्र्याचाही नव्हता.

२

आमच्या धंद्यात याला फ्लोटर म्हणतात. मी त्याला पाहुणा म्हणते. आधीच्या जनावराचा एखादा कण पाण्यावर राहून जातो आणि पुढच्याच्या काचेवर चढतो. मग कुत्र्याच्या रिपोर्टात बकरीचा रोग जातो आणि अनर्थ होतो. म्हणून दर ठोकळ्यानंतर टिपकागद पाण्यावरून फिरवायचा. ही शिस्त मी एकतीस वर्षं एकदाही मोडलेली नाही. पाहुणा सापडणं म्हणजे माझ्या तोंडावर लिहिलं जाणं, की बाईचा हात गेला.

मी तो तुकडा मोठा करून पाहिला. वर उंच पेशींची रांग, पेशींच्या डोक्यावर बारीक केसांची झालर, मध्ये चिकट पाझराने फुगलेल्या पेशी. म्हणजे हवा खेळते तिथलं अस्तर. पण त्या नाजूक अस्तराच्या लगेच खाली एक भलीमोठी रक्तवाहिनी होती, जाड भिंतीची. एवढी मोठी रक्तवाहिनी हवेच्या इतक्या जवळ मी आयुष्यात एकाच जागी पाहिली आहे. घोड्याच्या कानाखाली, घशाच्या मागे दोन्ही बाजूंना हवेच्या दोन पिशव्या असतात. त्यांच्या छतावरून मेंदूकडे जाणारी धमनी जाते, आणि तिच्यावर पांघरूण म्हणून फक्त हे अस्तर असतं. वीस वर्षांपूर्वी नाकातून रक्त वाहून मेलेल्या एका घोड्याची ती पिशवी माझ्या हाताखालून गेली होती. तिच्यात बुरशी होती.

याच्यातही होती. अस्तर एका जागी खरवडल्यासारखं नाहीसं झालेलं, आणि तिथून बुरशीचे धागे फांद्या फोडत धमनीच्या भिंतीत शिरत होते. सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडच्या भिंगात बारीक पट्टी कोरलेली असते, तिच्यावर मी मोजलं. धाग्यांचं टोक आणि आतलं रक्त यांच्यामध्ये चौदा रेघा भिंत उरली होती.

मी रजिस्टर उघडलं. आमच्याकडे दीड वर्षात एकही घोडा आलेला नव्हता.

त्या दिवशी मी पाणी ओतून दिलं, भांडं घासलं, नवं पातं बसवलं. मंगळवारी बकरीच्या यकृताची काच काढली. कोपऱ्यात पाहुणा होता. तसलाच दुसरा असेल म्हणून मी काल फोनवर काढलेला फोटो शेजारी धरला. तोच होता. धमनीला तोच वाकडा कोन, बाजूला काळ्या पेशींचा तोच पुंजका. फक्त बुरशी पुढे सरकली होती. भिंत अकरा रेघा उरली होती.

रंगवून काचेत बंद केलेली वस्तू वाढत नाही. हे मला कोणी शिकवायला नको. मी स्वतःला समजावलं की हा त्याच ठोकळ्याचा पुढचा थर असणार. पण मग तो ठोकळा कुठे होता?

३

बुधवारी मी दोन्ही काचा सरांपुढे ठेवल्या. लपवणं माझ्या स्वभावात नाही, आणि लपवलं असतं तर त्या रात्री झोप लागली नसती.

सरांनी पाहिलं, तपकिरीची डबी मिटली आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "बाई, घोडा कोठून आला?"

"तेच तर मी विचारते आहे, सर."

"जुन्या मेणांत असेल. भांड्यास चिकटला असेल. पर्वाइल्लै, हरकत नाहीं, होतें असें वयांत." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ती कीव मला लागली. मग ते स्वतः उठले. "द्या, मी कापतों. पाहूं पाहुणा येतो कीं नाहीं."

दहा वर्षांनी ते यंत्रावर बसले होते. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. त्यांनी मांजराच्या आतड्याचा ठोकळा कापला, फीत पाण्यावर सोडली, काच स्वतः उचलली. रंगवून झाल्यावर त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि भिंगातली पट्टी तिच्यावर आणली.

"किती रेघा?" मी विचारलं.

"सात," ते म्हणाले. मग छत्री घेऊन जेवायला घरी निघून गेले. एरवी ते रोज लॅबमध्येच डबा खातात.

मी स्वयंपाकघरात भांडी आवरायला लागले. दुपारचे दोन वाजले होते, खिडकीवर ऊन होतं, एसी घरघरत होता. सिंककडून एक आवाज आला. नाकपुड्या फडफडवत कोणी श्वास सोडावा तसा लांब, ओला. नळातली हवा असेल असं म्हणून मी नळ उघडला, बंद केला. आवाज पुन्हा आला, आणि या वेळी तो माझ्या मानेमागून आला. मानेवर गरम वाफ लागली. तिला चावलेल्या गवताचा वास होता, आणि त्याखाली काहीतरी कुजल्याचा.

मी मागे पाहिलं नाही. पुढे पाहिलं. भांड्यातलं पाणी स्वच्छ होतं, मी नुकताच टिपकागद फिरवला होता. स्टेशनात गाडी नव्हती. तरी पाण्यावर दोन खळगे पडले, शेजारी शेजारी, गोल, वाटीएवढे. ते भरले. पुन्हा पडले. कोणीतरी पाण्याशी नाक नेऊन श्वास घेत होतं. डावा खळगा उजव्यापेक्षा उथळ होता, जणू डावी नाकपुडी अर्धी चोंदलेली.

आणि त्या डाव्या खळग्याच्या कडेला, जिथे काही नव्हतं तिथे, बारीकसा पांढरा तुकडा तरंगत होता.

भीती वाटली. खोटं कशाला सांगू, मी ओट्याला धरून उभी राहिले. पण भीतीच्या मागोमाग दुसरी एक गोष्ट मनात आली, आणि तिने मला सावरलं. ती अशी की माझा हात गेलेला नव्हता.

४

मी चहा केला, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या तुकड्याकडे चूक म्हणून नाही, तर रोगी म्हणून पाहिलं.

पहिली गोष्ट, पेशींवरची झालर शाबूत होती. चेन्नईच्या उन्हाळ्यात जनावर मेलं की ही झालर दोन-चार तासांत गळते. आमच्याकडे येणारे तुकडे नेहमी उशिरा येतात, झालर क्वचितच दिसते. इथे एकेक केस उभा होता. म्हणजे हा मेलेल्या घोड्याचा नव्हता.

दुसरी गोष्ट, तो काळा पुंजका. पांढऱ्या घोड्यांत वय वाढलं की अशा काळ्या पेशी त्या पिशवीत साचतात. म्हणजे घोडा पांढरा होता आणि वयस्क होता.

तिसरी गोष्ट माझ्या पट्टीने सांगितली. चौदा, अकरा, सात. रोज तीन-चार रेघा जात होत्या. शुक्रवारी दुपारपर्यंत भिंत संपणार होती, आणि त्या धमनीची भिंत फुटली की घोडा काही मिनिटांत नाकावाटे रिकामा होतो.

मी सहानाला फोन लावला. सहाना म्हणजे सरांची मुलगी. ती घोड्यांची डॉक्टर आहे, शहराबाहेरच्या तबेल्यांना भेटी देते. माझ्याशी ती तमिळ, इंग्रजी आणि थोडी मराठी अशी खिचडी बोलते.

"सहाना, तुझ्याकडे पांढरे घोडे किती?"

"आंटी? सहा. का?"

"म्हातारं कोण? कोणाच्या नाकातून रक्त आलं का, थोडंसं? डावीकडून?"

मग ती म्हणाली, "गोदा. पेरुंगुडीच्या पुढे शेषाद्री सारचा तबेला आहे, तिथली. रविवारी दोन थेंब. ते म्हणाले माशी चावली असेल. आंटी, तुम्हांला कोणी सांगितलं?"

मी फोन ठेवला आणि तिला काचेचा फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात तिचा फोन आला. "हे गोदाचं सॅम्पल? पण मी तर काही घेतलंच नाही!"

"माहीत आहे," मी म्हटलं. "उद्या सकाळी मला घ्यायला ये."

५

शेषाद्री लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या तबेल्यात लहान मुलं घोड्यावर बसायला शिकतात, आणि पहिल्यांदा बसणारं प्रत्येक मूल गोदावरच बसतं, कारण ती कोणाला पाडत नाही. आम्ही पोचलो तेव्हा सहा-सात वर्षांची एक मुलगी तिच्या पाठीवर होती. मुलीच्या बुटांपुढे घोडीची मान दिसत होती. मानेची डावी बाजू घामाने भिजलेली, उजवी कोरडी. डावी पापणी अर्धी मिटलेली. त्या पिशवीतून जाणारी नसही बुरशीने धरली होती.

मी जवळ गेले. गोदाने मान फिरवली, माझ्या खांद्याला नाक लावलं आणि श्वास सोडला. गरम वाफ, चावलेलं गवत, आणि त्याखाली कुजल्याचा तो वास. आमची ओळख आधीच झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"मुलीला खाली उतरवा," मी म्हटलं.

नाकात नळी घालायला शेषाद्री तयार होईनात. अठरा वर्षांच्या घोडीला दोन थेंबांसाठी हा छळ कशाला, आणि हे सांगणाऱ्या या बाई कोण, असं त्यांनी सहानाला तमिळमध्ये विचारलं. मला तमिळ येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी काचा कापणारी," मी तमिळमध्येच सांगितलं. "सार, नळीत काही दिसलं नाही तर मी उद्यापासून काम सोडते. दिसलं तर तुम्ही घोडीची आशा सोडायची नाही."

शेषाद्रींनी मुलीला उचलून खाली घेतलं आणि लगाम स्वतः धरला.

नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. सहानाच्या पडद्यावर आधी गुलाबी बोगदा दिसला, मग पिशवीची मोठी पोकळी. छतावर धमनी ठोके देत होती. तिच्यावर पिवळा-काळा, भाकरी करपल्यासारखा डाग बसला होता. शेषाद्रींनी तो पाहिला आणि गोदाच्या कपाळावर हात ठेवला.

"उद्या संध्याकाळी चारला सर्जन मोकळे आहेत," सहाना फोन ठेवत म्हणाली.

चार म्हणजे उशीर होता.

६

लॅबमध्ये परतले तेव्हा सर वाट बघत बसले होते; सहानाने गोदाची हकीकत त्यांना फोनवर सांगितली होती. त्यांनी गुरुवारची काच स्वतः रंगवून ठेवली होती. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "चार रेघा, बाई."

"उद्या दुपारी संपेल. आणि सर्जन चारला येणार."

सरांनी फोन उचलला. तो सर्जन त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. "इकडे पाहा," ते तमिळमध्ये त्याला म्हणाले, "आमच्या लॅबची बाई सांगत्ये सकाळीं. मग सकाळींच." कारण त्यांनी दिलं नाही. एवढं ऐकून मला जे वाटलं ते एकतीस वर्षांच्या पगाराने वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊला गोदाला भूल दिली. सहाना तिच्यापाशी होती, फोन स्पीकरवर. मी आणि सर सूक्ष्मदर्शकाच्या दोन तोंडांशी बसलो. काचेवर फक्त एकच तुकडा होता, कारण त्या दिवशी मी कुठलाही ठोकळा कापला नव्हता. रिकामी काच पाण्याखाली धरून वर उचलली होती.

भिंत दीड रेघ उरली होती. आणि मग मी ते पाहिलं. पेशींवरची झालर हलली. सगळे केस एका बाजूला लवले आणि उठले. पुन्हा लवले. मेणात बसवलेली, अल्कोहोलमध्ये सुकवलेली, रंगात बुडवलेली वस्तू असती तर असं झालं नसतं, पण ही तशी नव्हतीच. धमनीच्या आत तांबड्या पेशी वाहत होत्या. सर पुटपुटले, "रामा." मी त्यांचं मनगट धरलं, आणि त्यांनी धरू दिलं.

"खालची बाजू बांधली," सहानाचा आवाज आला. काचेवर रक्ताचा वेग मंदावला, पण थांबला नाही.

"वरूनही येतंय!" मी फोनवर ओरडले. "मेंदूच्या बाजूने उलटं येतंय. तीही बंद करा, लवकर!"

"करताहेत, आंटी, करताहेत."

एक रेघ. बुरशीचा एक धागा पलीकडे आत वाकला. एक तांबडी पेशी भिंतीतून बाहेर घुसली, मग दुसरी. हॉलभर तो श्वास ऐकू येत होता, ओला, धापा टाकणारा. कपाटातल्या बरण्यांची झाकणं त्याच्या तालावर टकटकत होती. मी डोळा भिंगावरून काढला नाही. काढला तर ती जाईल असं मला वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

मग रक्त थांबलं. धमनी रिकामी झाली, भिंती एकमेकींवर टेकल्या. झालर मात्र लवत राहिली, शांतपणे, एका लयीत.

"बंद!" सहाना किंचाळली. "दोन्हीकडून बंद! आंटी, शी इज ओके! श्वास छान चाललाय!"

"माहीत आहे," मी म्हटलं. "बघते आहे."

सर उठले, पंच्याने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बाई, जूनांत ती नवी मुलगी येईल ना, तिला तुम्हीच शिकवा. मी नाहीं शिकवणार." मग आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या मेसमध्ये गेलो आणि भर दुपारी दोन-दोन जिलब्या खाल्ल्या. मकरंदला मी फोन करून सांगितलं, आणि पेपर खाली ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

७

गोदा महिन्याभरात उभी, खाती-पिती झाली. पापणी थोडी झुकलेलीच राहिली. पहिल्या दिवशी तिच्यावर परत बसली ती तीच मुलगी. शेषाद्रींनी मला तिथे बोलावून सगळ्या मुलांसमोर माझं नाव घेतलं, आणि मी, एवढी फटकळ, तेव्हा गोदाची मान थोपटत राहिले. पाण्याचं भांडं इतके दिवस स्वच्छ होतं. मी रोज टिपकागद फिरवत होते आणि रोज थोडी वाटही बघत होते.

काल सकाळी एका सशाच्या फुप्फुसाच्या काचेवर, कोपऱ्यात, पाहुणा आला.

झालर होती, चिकट पेशी होत्या, पण खाली मोठी धमनी नव्हती. घोड्याची पिशवी नव्हे, नाकाच्या आतलं अस्तर. त्याच्यात बारीक कोनदार तपकिरी कण होते. आधी मला रागच आला, की पुन्हा सरांची तपकीर काचेवर सांडली. पण सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवला तेव्हा दिसलं की कण काचेवर पडलेले नव्हते. ते अस्तराच्या आत रुतून बसले होते, वर्षानुवर्षांचे. आणि त्यांच्या कडेला पेशींची एक लहानशी रांग वाकडी झाली होती. शिस्त सोडून एकमेकींवर चढलेल्या सात-आठ पेशी. खाली अजून एकही उतरली नव्हती, म्हणजे कॅन्सर जेमतेम उंबरठ्यावर होता.

मागे पाण्यावर दोन खळगे पडले असतील. मी वळून पाहिलं नाही. मी पट्टी लावली आणि मोजलं. वेळ होता. या वेळी भरपूर वेळ होता.

हॉलमध्ये डबीचं झाकण टक करून उघडलं.

"सर," मी हाक मारली. "ती डबी खाली ठेवा आणि चपला घाला. दवाखान्यात जायचंय."

त्यांनी माझ्या हातातली काच पाहिली, माझा चेहरा पाहिला. कोणाची म्हणून विचारलं नाही. डबी टेबलावर ठेवली आणि चपला शोधायला लागले.